दुसऱ्याचा कॅन हलवायचा नाही

पहाटेचे चार पन्नास. नळाला पाणी यायला अजून चाळीस मिनिटं आहेत आणि इस्त्रीवाल्या मावशी रांग तपासत आहेत.

रांगेत माणूस एकही नाही. नुसते कॅन आहेत. तेलाचे, रंगाचे, औषधाच्या कारखान्यातून बाहेर पडलेले निळे, कापलेल्या तोंडाचे, दोरीचं हँडल लावलेले. नळापासून सायकल दुरुस्तीच्या टपरीपर्यंत एकामागे एक उभे. मावशी टॉर्च जमिनीकडे धरून शेजारून चालतात. एक पिवळा कॅन ओळीच्या जरा बाहेर आला आहे. त्या त्याला हात लावत नाहीत. समोरच्या दाराची कडी वाजवतात.

"कोण आहे?"

"तुझा कॅन फिरायला निघालाय. ये, घरी बसव त्याला."

एक माणूस डोळे चोळत बाहेर येतो आणि कॅन वीतभर आत सरकवतो. "एवढ्यासाठी उठवलंत, मावशी? तुम्हीच सरकवायचा ना."

"आज मी वीतभर सरकवला, तर उद्या दुसरी कोणी हातभर सरकवेल. परवा तुझा कॅन गटारात शोधत बसशील. जा, झोप."

वस्तीचा हा एकच लेखी नसलेला कायदा आहे आणि तो मावशींनी केलेला आहे. नळाच्या रांगेत कॅन ठेवला की तिथे त्या घराचा माणूस उभा आहे असं धरायचं. कॅन फुटका असला तरी चालेल. मालकाशिवाय त्याला कोणी हलवायचं नाही. राखण ठेवायची नाही. पाणी यायच्या वेळी ज्याने त्याने यावं आणि आपल्या कॅनमागे उभं राहावं.

कायदा झाला तो शाळेपायी. तेव्हा पाणी सात वाजता यायचं आणि प्रत्येक घर आपल्या नंबरावर एक पोर उभं करायचं. बहुतेक मुलगीच. कारण मुलगे उभे राहत नाहीत, पळतात. पलीकडे शाळेची घंटा व्हायची, अलीकडे मुली नळाकडे बघत उभ्या असायच्या. मावशी स्वतः चौथीत असताना अशाच उभ्या राहिल्या आणि त्या वर्षी त्यांची शाळा सुटली. "मी चौथीत रांगेत उभी राहिले, ती अजून उभीच आहे," असं त्या सांगतात. हसत सांगतात, पण समोरच्याने हसावं अशी त्यांची अपेक्षा नसते.

लग्न झालं, इस्त्रीचं टेबल शाळेच्या गेटासमोर लागलं. एक दिवस मावशींनी रांगेतल्या सगळ्या पोरींना हाकलून वर्गात पाठवलं आणि त्यांच्या जागी त्यांचे कॅन ठेवले. भांडण झालं. मावशी म्हणाल्या, "उभं राहायला कॅन पुरेसा आहे. पोरीला दुसरं काम आहे." आठवडाभर त्या रोज नळावर बसून राहिल्या. आठवड्यानंतर बसायची गरज पडली नाही.

शाळा सरकारी, पहिली ते सातवी. वर्ग कमी, म्हणून दोन इयत्ता एका खोलीत पाठीला पाठ लावून बसतात. छत पत्र्याचं आहे. पण ती वस्तीच्या आत आहे आणि तिथे जायला रस्ता ओलांडावा लागत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. या वर्षी शिक्षण विभागाने ठरवलं की पट कमी झाला आहे, तेव्हा ही शाळा बंद करून मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत बसवायची. मोठ्या रस्त्यावरून ट्रक जातात. तिथे सिग्नल नाही. पूल आहे, तो गाड्यांसाठी.

मावशींच्या घरात या निर्णयाचा अर्थ सुनेने त्याच संध्याकाळी सांगून टाकला. सून पॅकिंगच्या कारखान्यात आहे, बोलते कमी. "आई, मी तिला तो रस्ता ओलांडायला पाठवणार नाही. शाळा गेली तर ती घरी राहील. धाकट्याला सांभाळेल."

"ती" म्हणजे मावशींची नात. इयत्ता चौथी.

मावशींनी तिथून पुढे वस्ती पिंजून काढली. इस्त्रीचे कपडे पोचवायला जाताना प्रत्येक दारात पाच मिनिटं जास्त थांबायचं, एवढीच त्यांची मोहीम. कपडे हातात असल्यामुळे कोणी दार लावून घेऊ शकत नव्हतं. विभागाची सूचना आली की हरकत असलेल्या पालकांनी अकरा वाजता कार्यालयात सुनावणीला यावं आणि टोकन रांगेच्या क्रमाने मिळतील, तेव्हा मावशी निर्धास्त झाल्या. रांग म्हटल्यावर आता शिकायचं काय राहिलं?

चूक तिथेच झाली. सुनावणीच्या दिवशी सकाळी सहाला वस्तीने कार्यालयाच्या गेटपाशी कॅन लावले. सुरेख ओळ लागली होती, नळावर लागते त्याहून सरळ. मग सगळे कामाला गेले. कोणाला दूध टाकायचं होतं, कोणाला जिने पुसायचे होते. साडेदहाला परत यायचं ठरलं. नळावर राखण लागत नाही, म्हणून कार्यालयापाशीही कोणी ठेवली नाही.

कार्यालयाच्या दारवानाने कॅन पाहिले आणि त्याला वाटलं, पाण्यासाठी मोर्चा आलाय. त्याने पाणी विभागाला फोन केला. पाणी विभाग म्हणाला, आमच्याकडे अशी तक्रार नाही. मग त्याने सफाई विभागाला फोन केला. सफाई विभागाने मात्र तत्परता दाखवली.

साडेदहाला वस्ती आली तेव्हा गेट झाडून स्वच्छ केलेलं होतं.

"रांग कुठे गेली?" मावशींनी विचारलं.

"कसली रांग? टोकन नऊला वाटायचे होते. कोणी नव्हतंच."

"अहो, कॅन होते ना इथे!"

"ते? ते गेले कचऱ्याच्या गाडीत," दारवान म्हणाला. आत कागदावर नोंद झाली होती: एकही पालक हजर नाही, सबब हरकत नाही.

वस्तीने मावशींना फाडून खाल्लं. गंमत म्हणजे पहिला राग शाळेचा नव्हता. "शाळा गेली ती गेली, माझा झाकणाचा कॅन गेला!" भाजीवाली नळावर उभी राहून ओरडली. "घट्ट झाकण होतं त्याला. आता मिळतं का तसं?" दुसरी म्हणाली, "मावशी, पुढच्या निवडणुकीत कॅनलाच उभं करा. निदान आपल्या जागेवरून हलणार तरी नाही." तिसरी म्हणाली, "हलला की! कचऱ्याच्या गाडीतून हलला." हसू फुटलं, आणि ते मावशींना शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

घरी मावशींचे यजमान होते. ते एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन आहेत. ते म्हणाले, "खरं सांगू? माझ्या गेटवर कोणी असे कॅन ठेवले असते, तर मीसुद्धा उचलले असते."

"तुम्ही? तुम्ही रोज त्याच रांगेतलं पाणी पिता!"

"म्हणून तर मला कळतं. अगं, तुझा नियम आहे त्यांना, ज्यांच्या घरात नळ नाही. त्या गेटवरच्या माणसाच्या घरात तोटी फिरवली की पाणी येतं. त्याला कॅन म्हणजे कचराच दिसणार."

मावशी त्या संध्याकाळी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण वाक्य लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या टॉर्च घेऊन निघाल्या. रांग विरळ होती, कारण बरेच कॅन गेले होते. मधे एका जागी कॅनऐवजी पोर उभं होतं. जवळ गेल्यावर प्रकाश तिच्या चपलांवर पडला आणि मावशींनी चपला ओळखल्या. त्यांचीच नात.

"तू इथे काय करतेस?"

"आपला कॅन गेला ना, आजी. आई म्हणाली, उभी राहा."

सून मागे दारात होतीच. "काय करू मग? दुसरा कॅन फुटका आहे, आणि आता फुटक्या कॅनला कोण मानतंय? नंबर तर धरायला हवा. आणि तिला आता सवय झालेलीच बरी."

शेजारची दोन दारं किलकिली झाली. आज कायदा मोडला तर उद्या प्रत्येक नंबरावर एक मुलगी उभी असेल, हे दाराआडच्यांनाही कळत होतं. काहींना ते सोयीचंही होतं.

मावशी मागे वळल्या. घरात गेल्या आणि इस्त्री घेऊन आल्या. कोळशाची, लोखंडाची, लाकडी मुठीची इस्त्री. घरातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात गरजेची वस्तू. त्यांनी नातीला बाजूला केलं आणि तिच्या जागी इस्त्री ठेवली.

"आई, वेड लागलंय का? कोणी उचलून नेली तर खायचं काय?"

"बघू ना, नेतात का. माझा नियम मेला असेल तर आजच कळू दे."

"नियमासाठी इस्त्री घालवणार तुम्ही?"

"कॅनच्या भरवशावर शाळा घालवलीच आहे. आता इस्त्री जाते का बघते." मग नातीकडे वळून, "तू जा आत. गणितं झाली का कालची?"

त्या राखण करत बसल्या नाहीत. हट्टाने घरात जाऊन दार लावून घेतलं. सुनेने सांगितलं की आत त्या सारखं काहीतरी आवरत होत्या आणि आवरण्यासारखं काही नव्हतं.

पाणी आलं, भांडी वाजू लागली, मावशी बाहेर आल्या. इस्त्री होती तिथेच होती. तिच्या पुढे रंगाऱ्याचा कॅन होता, मागे भाजीवालीचं पातेलं. पातेलं रांगेत नवीन होतं. भाजीवाली म्हणाली, "बघता काय? माझा झाकणाचा कॅन तुम्ही घालवलात, म्हणून पातेलं लावलंय. चला, इस्त्री उचला, माझा नंबर खोळंबलाय."

त्या दिवशी सगळी वस्ती मिळेल ते घेऊन रांगेत आली होती. बादली, टोपली, फुटका स्टूल. पोर एकही नव्हतं.

इस्त्री टेबलावर ठेवून मावशी थेट कार्यालयात गेल्या. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्या टेबलावर अशा अनेक शाळा होत्या आणि त्यांना त्यातल्या काही कमी करायला सांगण्यात आलं होतं.

"सुनावणी पुन्हा घ्या," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही हजर नव्हतात."

"आमचे कॅन होते."

"बाई, आम्ही कॅनची हरकत नोंदवत नाही."

"बरोबर आहे तुमचं. चूक आमची झाली. आता माणसं बसतील."

"कुठे बसतील?"

"तुमच्या दाराबाहेर बाक आहे ना, तिथे."

साहेबांना वाटलं, ही बोलण्याची रीत आहे. ती रीत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तो बाक रिकामा राहिला नाही. सगळ्यांनी एक दिवसाची मजुरी बुडवून एकदम येणं वस्तीला परवडत नव्हतं, हे पहिल्या सुनावणीनेच दाखवलं होतं. म्हणून नळावरचा हिशोब उलटा केला. तिथे माणसाच्या जागी कॅन उभा राहायचा, इथे एका माणसाच्या जागी दुसरा माणूस बसायचा. दूधवाला दूध टाकून यायचा. जिने पुसणारी दुपारी यायची. भाजीवाली तिच्या उरलेल्या जुड्यांसकट यायची आणि कार्यालयातल्या बायकांना त्या विकूनही जायची. प्लंबर एकदा बाकावर गाढ झोपला. शिपायाने हलवून विचारलं, "तुम्हाला हजर धरायचं की गैरहजर?" प्लंबर डोळे न उघडता म्हणाला, "हजर. कॅनपेक्षा जास्त घोरतोय ना?"

साहेब येता-जाता बघायचे. एकदा मावशींच्या पाळीला ते थांबले.

"रोज काय काम असतं तुमचं?"

"रांगेत आहे, साहेब."

"कसली रांग? तुमच्या पुढे कोणीच नाही."

"मग माझा नंबर कधीचाच आलाय. बोलवा की आत."

साहेब आत गेले. मावशी बाकावर राहिल्या. पण शिपाई त्या दिवसापासून बाकाशेजारी पाण्याचा जग ठेवू लागला.

सुनावणीचं काही ठरेना, तोवर खालच्या कोणीतरी जुन्या निर्णयावर पुढची कारवाई सुरू केली. शाळेतले बाक, कपाटं, फळे रस्त्यापलीकडच्या शाळेत न्यायचे होते. मुख्याध्यापिकेला, म्हणजे वस्तीच्या मोठ्या बाईंना, शनिवारी दुपारी थांबायला सांगण्यात आलं. मोठ्या बाई नोकरीत आहेत. त्यांनी कधी घोषणा दिली नाही, सभेला आल्या नाहीत. मावशींनी एकदा गळ घातली तेव्हा म्हणाल्या होत्या, "मला बोलता येत नाही, मावशी. पण किल्ली माझ्याकडे आहे आणि मी रोज साडेसातला शाळा उघडते. तेवढं मी कोणी सांगेपर्यंत करणार."

शुक्रवारी त्या इस्त्रीच्या टेबलाशी कपडे घेऊन आल्या. "शनिवारी दुपारपर्यंत हवेत. मला थांबावं लागणार आहे. सामान न्यायला टेम्पो येतोय." एवढंच बोलून गेल्या. मावशी सांगतात, त्या कपड्यांना इस्त्रीची गरज नव्हती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर शाळेच्या गेटात एक ओळ लागली. या वेळी सगळे फुटके, तडकलेले, बूड गेलेले कॅन होते. पाणी धरायला निकामी, पण जागा धरायला नियमाप्रमाणे पूर्ण पात्र. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकात दगड. वस्ती नेहमीप्रमाणे कामावर गेली. गेटाशी फक्त मावशी होत्या आणि त्याही आपल्या टेबलाशी इस्त्री करत.

"पुन्हा कॅन?" यजमान रात्रपाळी करून झोपायच्या तयारीत होते. "एकदा हात पोळलेत ना?"

"तुम्हीच म्हणालात ना, ज्यांच्या घरात नळ नाही त्यांनाच कळतं. टेम्पोवाल्याच्या घरात असेल का नळ?"

यजमानांनी थोडा विचार केला. "टेम्पो स्वतःचा असेल तर असेल. भाड्याचा असेल तर नसेल." मग ते झोपायला गेलेच नाहीत, खुर्ची टाकून बाहेर बसले.

टेम्पो आला. चालक उतरला, मागून दोन हमाल उतरले. चालकाने ओळ पाहिली.

"हे कोणाचे?"

"घरोघरचे," मावशी म्हणाल्या. इस्त्री थांबवली नाही.

"बाजूला घ्या. गाडी आत न्यायचीय."

"तो पहिला माझा. तो घ्या म्हणालात तर घेते. बाकीचे ज्याचे त्याला सांगा."

"कुठायत ते?"

"कामाला."

"येणार कधी?"

"संध्याकाळी. पण मग जेवतील, झोपतील. उद्या रविवार. तुम्ही सोमवारी सकाळी या. पण सकाळी शाळा असते."

एक हमाल वैतागला. पुढे झाला आणि निळ्या कॅनच्या कडेला हात घातला.

"ए, ठेव!" चालक ओरडला. "दुसऱ्याचा कॅन आहे तो."

हमालाने हात मागे घेतला. चोरी करताना सापडल्यासारखा. मावशींची इस्त्री तेव्हा पहिल्यांदा थांबली.

चालकाने फोन लावला. त्याचं बोलणं सगळ्या गल्लीने ऐकलं.

"साहेब, गाडी आत जात नाही. वाटेत कॅन आहेत... रिकामे... हो, उचलता येण्यासारखे आहेत, पण उचलता येत नाहीत... नाही, जड नाहीत. दुसऱ्यांचे आहेत... अहो, असं कसं उचलणार? लोक कामाला गेलेत."

पलीकडून बराच वेळ कोणीतरी बोलत होतं. चालक "हो साहेब" म्हणत राहिला आणि गाडीला टेकून उभा राहिला. शाळेच्या पायरीवर मोठ्या बाई किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना थांबायला सांगितलं होतं, त्या थांबल्या होत्या. शेवटी चालकाने फोन खिशात टाकला आणि हमालांना मागे बसायला सांगितलं.

"भाडं बुडलं का तुमचं?" मावशींनी विचारलं.

"अर्धं. यायचं मिळेल." त्याने गाडी वळवली आणि खिडकीतून विचारलं, "तुमच्याकडे पाणी किती वाजता?"

"साडेपाच."

"बरंय. आमच्याकडे चारला येतं," म्हणाला आणि गेला.

ती ओळ अजून तिथेच आहे. दुसरा टेम्पो आला तर त्याच्या चालकाच्या घरात नळ असू शकतो, हे मावशींना ठाऊक आहे. एका शनिवाराने शाळा वाचत नाही. निर्णय रद्द झालेला नाही, अंमलातही आलेला नाही. बाकावर बसलेल्या दूधवाल्याला सोमवारी साहेबांनी पहिल्यांदा आत बोलावलं आणि सांगितलं की फेरसुनावणीचा विचार चालू आहे.

"करू दे विचार," मावशी म्हणाल्या. "बाक चांगला लाकडी आहे. आमच्या वजनाने मोडत नाही."

सुनेला शेजारणीने विचारलं की मोठा रस्ता ओलांडायची वेळ आलीच तर काय. ती म्हणाली, "आलीच तर बघू. अजून आलेली नाही. आणि माझा नंबर आहे ना तिथे."

उद्या बुधवार. पाणी साडेपाचला येईल. साडेसातला मोठ्या बाई शाळेचं कुलूप काढतील. प्रत्येक मूल गेटातला आपल्या घरचा कॅन उचलेल, आत शिरेल आणि कॅन होता तिथे परत ठेवेल. मावशींच्या नातीचा पहिला आहे, तडकलेला, पांढरा. कार्यालय दहाला उघडतं. दहा ते बारा बाकावर पाळी सुनेची आहे. त्यासाठी तिने कारखान्यात दुपारची शिफ्ट मागून घेतली आहे.